सान तेल्मोतली एकशेबारा विरोधी मतं

९ एप्रिल १९६१, रविवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. मोठी माणसं लिहितात, आणि मी लवकरच मोठा होण्याची शक्यता आहे. वही दुकानातलीच. विषारी औषधांच्या नोंदीसाठी सरकारने पाठवलेली, पण सान तेल्मोत विष विकत घ्यायला कुणी येत नाही. लोकांना खोकला आणि पोटदुखी पुरते.

परवा राजधानीत पक्षाने गव्हर्नरपदाचा उमेदवार जाहीर केला. इंजिनियर लाम्बेर्तो आरिस्मेन्दी. गेला महिनाभर मी छातीठोकपणे भलत्याच माणसाचं नाव सांगत होतो, ते सोडा. नाव कळताच जिल्ह्यातून अभिनंदनाची पहिली तार माझी गेली. तिच्यात लिहिलं, "सान तेल्मोची जनता पहिल्यापासून आपल्याच पाठीशी." आरिस्मेन्दी हे नाव जनतेला तार गेल्यावर अर्ध्या तासाने कळलं.

आता गव्हर्नर कोण हे ठरून गेलंय. मतदान तेवढं उरलंय. ते दोन जुलैला.

मी क्रिसोफोरो बान्युएलोस, औषधांचा दुकानदार. लोक डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणत नाही. गावच्या पक्षसमितीचा अध्यक्ष आहे, आणि दर निवडणुकीला शाळेतल्या मतदान केंद्राचाही अध्यक्ष मीच. माझी बायको एर्मेलिंदा म्हणते, "घर सोडून सगळीकडे तूच अध्यक्ष."

१६ एप्रिल, रविवार

राजधानीतून पक्षाचे प्रतिनिधी वकील उगार्ते आले. पांढरा सूट. आमच्या रस्त्यावरून मोटारीने आल्यावर तो कॉफीच्या रंगाचा झाला होता. एर्मेलिंदाने तमाल, म्हणजे पानात वाफवलेले मक्याचे उंडे, वाढले. सहा खाल्ले आणि मग म्हणाले, "गेल्या वेळी तुमच्या गावचा आकडा काय?"

मी मान ताठ करून सांगितलं, "एक हजार तीनशे सोळा. सगळी आपली. विरोधात शून्य."

"आणि यादीत मतदार किती?"

"एक हजार तीनशे नऊ."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"लोकांत उत्साह फार होता," मी म्हणालो.

"हाच उत्साह आपल्याला नडतोय. सीमेपलीकडची वर्तमानपत्रं हसतात. म्हणे यांच्याकडे लोकशाही नाही. तेव्हा या खेपेला वरून ठरलंय, प्रत्येक गावात विरोधी पक्षाला शेकडा आठ. तुमची यादी आता चौदाशे दोनची, म्हणजे एकशेबारा. एक कमी नको, एक जास्त नको. आणि एक विरोधी सभा झाली पाहिजे. थोडा आरडाओरडा चालेल."

"पण साहेब, आमच्याकडे विरोधक नाहीत."

"नाहीत तर तयार करा! बाकीची गावं करतायत ना?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "आकडा चोख आला, तर डिसेंबरपासून नगराध्यक्ष तुम्ही. नाहीतर तुमचे ते गिरणीवाले नाबोर सेपेदा आहेतच. माणूस उत्सुक दिसतो."

नाबोर गिरणीत पिठाबरोबर खडू दळतो हे मी साहेबांना सांगितलं नाही. मी चहाडखोर नाही. फक्त एवढंच म्हणालो की त्याच्या पिठाने पोट बिघडलेले लोक माझ्याकडे येतात.

१७ एप्रिल

काल लिहिलं की आमच्याकडे विरोधक नाहीत. ते तितकंसं खरं नाही. एक आहे.

प्राक्सेदेस ओल्वेरा, घड्याळजी. आमच्या मुलीचा, ओतिलियाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला त्यानेच हातात धरलं होतं, त्यामुळे आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो, आणि हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वरचं. रोज संध्याकाळी सहा ते आठ माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं डॉमिनो खेळतो. वीस वर्षांत खाडा नाही.

आणि १९४३ पासून प्रत्येक निवडणुकीत हा माणूस काळा सूट घालून येतो, पडद्यामागे जातो आणि विरोधात मत देतो. का, असं विचारलं तर म्हणतो, "मतपत्रिकेवर दोन वर्तुळं छापलीत, म्हणजे दुसरं कुणीतरी वापरावं अशी अपेक्षा असणार." पेटीतून त्याची मतपत्रिका निघाली की मी ती खिशात घालतो, घरी आणतो आणि स्पिरिटच्या दिव्यावर जाळतो. निकालात विरोधी मतं शून्य. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा खेळायला येतो. त्याला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं. फक्त १९५२ साली एकदा त्याने विचारलं होतं.

"शून्य?"

"शून्य."

"बरं. तुझी पाळी."

त्या डावात मी जिंकलो होतो. मजा आली नाही.

१८ एप्रिल

आज कोंपाद्रेला आनंदाची बातमी दिली. म्हणालो, "बाबा, दिवस पालटले तुझे! या वेळी तुला एकशेबारा मतं."

तो भिंगातून कुणाच्या तरी घड्याळात बघत होता. भिंग डोळ्यावर तसंच ठेवून माझ्याकडे वळला. एक डोळा एवढा मोठा झालेला बघून मला उगाच अपराधी वाटलं.

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? विरोधी. तुमची."

"आमची म्हणजे कुणाची? मी एकटाच आहे."

"तेच तर! एकाचे एकशेबारा. तुझ्या जागी दुसरा असता तर गळ्यात पडला असता माझ्या."

"मला एकशेबारा नकोत, क्रिसोफोरो." त्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं. "मला एक हवंय. माझं. तू पेटीतून काढायचंस, मोजायचंस आणि कागदावर एक लिहायचंस. मरण्यापूर्वी एकदा तो आकडा मला वाचायचाय."

"पण एकशेबारात तुझं एक आलंच की!"

"मग मला दाखव त्यातलं माझं कुठलं ते."

माणूस हट्टी आहे. घड्याळाच्या कामाने डोकं फार बारीक होत असावं. तरी शेवटी विरोधी पक्षाचा गावातला प्रतिनिधी म्हणून सही करायला तयार झाला, कारण कायद्यात लिहिलंय की प्रतिनिधीला निकालपत्रकाची सही-शिक्क्याची प्रत मिळते. हे कलम त्याला पाठ आहे. मी केंद्राध्यक्ष, पण मला ठाऊक नव्हतं.

३ मे

विरोधक गोळा करणं हे मूळव्याधीचं औषध विकण्यापेक्षा अवघड काम आहे. ते निदान हळू आवाजात तरी कुणी मागतं.

पंधरा जणांना विचारलं. न्हावी म्हणाला, "डॉक्टर, मी काय वाईट केलं तुमचं?" खाटीक म्हणाला, लेखी हुकूम असेल तर विरोध करतो. सांताक्रूझच्या सणासाठी फटाके बनवणारा तयार झाला, पण त्याला आधी आपल्या पक्षाची परवानगी हवी. म्हटलं, मीच देतो. म्हणाला, तुमची नको, वरची.

एर्मेलिंदा हसून हसून दमली. "एवढी वर्षं तुम्ही पक्षवाल्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट शिकवलीत. आता दुसरी शिकवायला निघालात तर वेळ लागणारच."

बायकांना राजकारणातलं कळत नाही. तिला मताचा अधिकार मिळून अजून धड आठ वर्षंही झालेली नाहीत.

१४ मे, रविवार

विरोधी सभा पार पडली. माणसं शेवटी आमच्या समितीचीच पाठवावी लागली, चौतीस. प्रत्येकी दोन तमाल आणि एक सरबत. फलक आमच्याच रंगाऱ्याने आमच्याच उरलेल्या रंगात रंगवला. विरोधी उमेदवार कोण हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून "बदल हवा" एवढंच लिहिलं.

कोंपाद्रे बोलायला उभा राहिला. मला वाटलं, सरकारवर आग ओकणार. पण तो म्हणाला, "मंडळी, तुम्ही का आलात हे मला माहीत आहे. तमाल गार होतायत, खाऊन घ्या." आणि खाली बसला. टाळ्या कडाडल्या. त्या भरात फटाकेवाल्याने सवयीने आमच्याच पक्षाचा जयजयकार केला आणि चौतीसच्या चौतीस जणांनी साथ दिली.

वकील उगार्तेंना तार केली: "विरोधी सभा यशस्वी. जनतेत असंतोष मर्यादित."

२८ मे, रविवार

इंजिनियर आरिस्मेन्दी येऊन गेले. सतरा मिनिटं थांबले. पाण्याच्या टाकीची कोनशिला बसवली. याआधीच्या दोन गव्हर्नरांनी बसवलेल्या टाकीच्या दोन कोनशिला शेजारीच आहेत. तिन्ही मिळून आता छान बाक झालंय. संध्याकाळपर्यंत तिथे उकडलेली कणसं विकणारी बाई येऊन बसलीही.

इंजिनियरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसांवरच हे राज्य उभं आहे, मित्रा एलियोदोरो." एलियोदोरो हा कदाचित आधीच्या गावचा अध्यक्ष असावा. पण हात माझा होता.

तिथून सरळ शिंप्याकडे गेलो. नगराध्यक्षाच्या शपथविधीसाठी काळा कोट. शिंप्याने माप घेताना दोन वेळा विचारलं, "नक्की ना, डॉक्टर?"

लिहायला हरकत नाही. एकोणीस वर्षांचा असल्यापासून मला ती खुर्ची हवी आहे. माझा बाप नगरपालिकेत झाडूवाला होता. ती खुर्ची तो रोज पुसायचा आणि मला म्हणायचा, बसू नकोस, डाग पडेल. हे मी एर्मेलिंदाला सांगितलेलं नाही. कोंपाद्रेला एकदा सांगितलंय, फार वर्षांपूर्वी.

१२ जून

काही विशेष नाही. नाबोर सेपेदाने वकील उगार्तेंना एक शिंगरू भेट दिल्याची बातमी. मी त्यांना यकृतासाठी टॉनिकच्या बारा बाटल्या पाठवल्या. शिंगरू जास्त दिवस टिकतं, ही काळजी आहे.

२२ जून, गुरुवार

आज खेळताना कोंपाद्रेचं लक्ष नव्हतं. हातातली सोंगटी कितीतरी वेळ तशीच धरून बसला. मग म्हणाला, "शिंपी सांगत होता, कोट शिवतोयस."

"जुना झालाय माझा."

"डिसेंबरसाठी का?"

मी सगळं सांगितलं. एकशेबाराचा आकडा, खुर्ची, नाबोर, शिंगरू. हातातली सोंगटी त्याने खाली ठेवली.

"हे आधी का नाही बोललास?"

"तू तुझ्या एका मताचं बोललास. मग मी माझ्या खुर्चीचं कसं बोलू?"

मग म्हणाला, "लिही एकशेबारा. मी अडवणार नाही. प्रतही मागणार नाही. अठरा वर्षं मी एका फुलीसाठी अडून बसलोय, आणि तिने कुणाचंच काही हललेलं नाही. तुझ्या बापाने पुसलेली खुर्ची आहे ती. तू बैस."

मी म्हणालो, "अरे, पण..."

"पण नाही. तुझी पाळी."

त्याने मला तीन डाव जिंकू दिले. मुद्दाम. मला कळत नाही असं त्याला वाटतं.

घरी आल्यापासून बरं वाटत नाहीये. बायकार्बोनेट घेतलं. उपयोग नाही.

१ जुलै, शनिवार

उद्या मतदान. दारूबंदी लागल्यामुळे माझ्याकडचं खोकल्याचं औषध दुपारपर्यंत संपलं.

एक गोष्ट ठरवली आहे. वहीत लिहितोय, कारण ही वही कुणी उघडत नाही, वरती कवटीचं चित्र आहे. कोंपाद्रेने हट्ट सोडलाय. उद्या कदाचित तो येणारही नाही. आला नाही, तर पेटीत त्याचं ते एक मतसुद्धा नसेल, आणि मी लिहिलेल्या एकशेबारात खरं एकही नसेल. हे मला सहन होत नाहीये. म्हणून ते एक मी टाकणार. मी, पक्षसमितीचा अध्यक्ष. आकडा काय लिहायचा तो लिहीन, पण पेटीत एक असेल.

देव मला क्षमा करो, आणि पक्षही. पक्षाचं जास्त अवघड आहे.

२ जुलै, रविवार

सगळं आजच लिहून ठेवतो.

आठ वाजता केंद्र उघडलं. शाळेच्या मुख्याध्यापिका तेओदुलाबाई चिटणीस. पहिलं मत प्रथेप्रमाणे अध्यक्षाचं. पडद्यामागे गेलो आणि लक्षात आलं, घाईत चष्मा घरी राहिला. शिवाय तळहाताला घाम. दोरीला बांधलेली ती बोथट पेन्सिल उचलली, दुसऱ्या वर्तुळात फुली मारली, टोक मोडेल इतकी दाबून, आणि पुन्हा न बघता घडी घातली. पेटीत टाकताना फट चटकन सापडेना. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, बसा जरा."

अकरा वाजता कोंपाद्रे आला! काळा सूट, हातात टोपी, नेहमीसारखाच. दोरीची पेन्सिल तो वापरत नाही. त्याची स्वतःची असते, सुईसारखं टोक काढलेली. पडद्यामागे या खेपेला जास्त वेळ लागला त्याला. बाहेर आला, मत टाकलं आणि माझ्यापाशी थांबला.

"मोजणीला मी थांबत नाही. तुला मोकळेपणाने लिहू दे," तो म्हणाला. "माझ्याकडून होण्यासारखं होतं ते केलंय आज तुझ्यासाठी."

म्हणजे एवढ्या उन्हात विरोधी प्रतिनिधी म्हणून सगळ्यांना दिसेल असा आला, ते. खरंच उपकार केले. मला वाटलं, ठीक, आता दोन निघतील. त्याचं आणि माझं.

संध्याकाळी सहाला पेटी उघडली. एकूण मतं सहाशे चार. यादीतली बाकीची नावं कामासाठी उत्तरेला गेलेल्यांची, आणि बरीचशी कबरस्तानातली. आजवर मी कधी मोजलंच नव्हतं, पेटी उघडायची, एक चिठ्ठी खिशात घालायची आणि आकडा लिहायचा. आज एकेक उलगडून मोजली. आणि सांगायला लाज वाटते, पण ऊर भरून आला. सगळी आमचीच. खरोखरची! आम्ही उगाचच एवढी वर्षं मेहनत घेत होतो.

त्यात एक मतपत्रिका इतकी सुरेख होती की मी बाईंना दाखवली. आमच्या वर्तुळात बरोबर मधोमध, केसासारखी बारीक फुली, पट्टी लावून काढल्यासारखी. म्हटलं, नागरिकाने मत द्यावं तर असं.

विरोधी निघालं एक. एकच. जाड, वाकडी, वर्तुळाबाहेर गेलेली फुली. बिचारा कोंपाद्रे, हात थरथरायला लागले त्याचे.

पण दोन हवी होती. पुन्हा मोजलं. एकच. कोंपाद्रेला तर मी डोळ्यांनी मत टाकताना पाहिलं, आणि अठरा वर्षांत त्याने कधी दुसरीकडे फुली मारलेली नाही. म्हणजे नाहीसं झालेलं मत माझं. चष्मा नव्हता, आणि तीस वर्षांच्या सवयीचा हात. मनात विरोध, आणि हाताने जायचं तिथेच जाऊन फुली मारली. मित्रासाठी एकदा काहीतरी करायला गेलो, तर तेही जमलं नाही मला.

मी कागद धरून बसून राहिलो. बाईंनी टाक शाईत बुडवला. "तर, आपली बाराशे नव्वद, आणि विरोधी एकशेबारा. लिहू ना?"

आणि मला त्याचा तो काळा सूट दिसायला लागला, पाठमोरा, उन्हात जाणारा. मोकळेपणाने लिही म्हणाला होता.

"एक लिहा," मी म्हणालो.

"एकशे एक?"

"एक. आपली सहाशे तीन, विरोधी एक."

"डॉक्टर, तुम्हाला ताप आहे का?"

"आहे. लवकर लिहा."

दोन प्रती केल्या. दोन्हींवर सही, दोन्हींवर शिक्का. एक पाकिटात घालून वकीलसाहेबांसाठी, एक माझ्या खिशात.

घरी एर्मेलिंदाला जेवताना सगळं सांगितलं. माझी फुली, कोंपाद्रेचा थरथरता हात, ती सुरेख मतपत्रिका, सगळं. ती ऐकता ऐकता थांबली.

"थरथरता? गुरुवारी त्याने माझं घड्याळ दुरुस्त केलं. खसखशीएवढा स्क्रू होता. हात तसूभर हलला नाही त्याचा."

"कामात हात स्थिर असतो गं. राजकारणात थरथरतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. विचारलं तर म्हणाली, कांदा झोंबला. आज घेवड्यात कांदा नव्हता.

"गाढव आहात," ती म्हणाली. "दोघंही." आणि माझ्या ताटात आणखी एक टोर्टिया वाढली.

३ जुलै

वकील उगार्ते दुपारी पोचले. कागद वाचला, उलटा करून वाचला.

"एक?"

"एक, साहेब. पण खरी गंमत ऐका. आम्ही मोजली! सहाशे चारपैकी सहाशे तीन. लोक खरोखरच आपल्याबरोबर आहेत."

"खरोखरच!" साहेब ओरडले. "तुम्हाला कुणी विचारलं होतं खरोखर? शेकडा नव्याण्णवच्या वर! आता बाहेरचे म्हणणार की आम्ही मतं खातो!"

"पण या खेपेला नाही खाल्ली."

"म्हणूनच! खाणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं, बान्युएलोस. तुम्हाला ना खाता आली, ना वाढता आली."

कागदाचे चार तुकडे केले. कोरं निकालपत्रक मागवलं. बाराशे नव्वद, एकशेबारा. सहीला नाबोर सेपेदाला बोलावलं. त्याने पिठाच्या हाताने सही केली आणि सही करता करताच केंद्राध्यक्षही झाला. डिसेंबरमध्ये खुर्चीत कोण, हे साहेबांनी जाताना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नाबोरने त्यांच्यासाठी मोटारीचं दार उघडून धरलं होतं.

शिंप्याला निरोप पाठवला. तो म्हणतो, कोट झालेला आहे. एर्मेलिंदा म्हणाली, घेऊन ये, रविवारी चर्चला घाल. खुर्चीशिवायही तू त्यात बरा दिसशील.

आज मी डॉमिनोला दुकान उघडलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

४ जुलै, मंगळवार

सकाळीच कोंपाद्रेच्या दुकानात गेलो. तो एकटाच होता. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. लोक घेऊन जायला येईपर्यंत तो ती लावत नाही.

"काल दुकान बंद होतं तुझं. अभिनंदन करायला दाराशी थांबलो होतो मी," तो म्हणाला. "नगराध्यक्षसाहेब!"

मी खिशातला कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

त्याने भिंग लावलं. शिक्का बघितला, माझी सही बघितली, मग आकड्यावर आला आणि तिथेच थांबला.

"एक," तो म्हणाला.

"एक."

"हे काय आहे, क्रिसोफोरो?"

"तुझं मत. मी पेटीतून काढलं, मोजलं, लिहिलं. तू म्हणाला होतास तसंच."

त्याने कागद टेबलावर सरळ करून ठेवला. मग एकदम विचारलं, "आणि खुर्ची?"

"नाबोरला."

त्याने डोळे मिटले. "अरे देवा," असं काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, माझं वाईट वाटतंय त्याला, म्हणून मी मनातलं सगळं सांगून टाकलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. खरं तर तुझी माफी मागायला आलोय. या कागदावर दोन असायला हवे होते. तू येणार नाहीस म्हणून तुझ्यासाठी मी स्वतः विरोधात फुली मारायला गेलो होतो. पण चष्मा नव्हता, आणि हात जुन्या सवयीने आपल्याच वर्तुळात गेला. पेटीत एकच निघालं. तुझं. जाड आणि वाकडी फुली होती, पण मी ओळखली."

प्राक्सेदेसने भिंग काढलं आणि माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मी मागे वळून दारात कुणी आहे का ते पाहिलं.

"जाड आणि वाकडी," तो म्हणाला.

"हो. तुझंच ना?"

"माझंच," तो म्हणाला. "माझंच, कोंपाद्रे. कुणाचं असणार दुसरं?"

आणि हसायला लागला. मग हसता हसता रडायला लागला, उघड, लहान मुलासारखा. उठून त्याने मला मिठी मारली, इतकी घट्ट की माझ्या खिशातली थर्मामीटरची डबी चेपली. हा माणूस त्याची बायको गेली तेव्हाही माझ्यासमोर रडला नव्हता. मी त्याची पाठ थोपटत उभा राहिलो. खरं सांगायचं तर माझेही डोळे भरले होते.

एका मताने माणसाची ही अवस्था होते. मी त्याला एकशेबारा दिली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक.